मुकादमांचं यार्ड

मेहुणा पुस्तक घेऊन आला तेव्हा मुकादम टेबलापाशी बसून शेंगा सोलत होते. रेल्वेच्या त्या विभागाला शंभर वर्षं झाली म्हणून साहेब लोकांनी काढलेलं ते जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक. एकशे बाराव्या पानावर मेहुण्याचा फोटो होता. इंजिनाच्या दांडीला धरून उभा, टोपी जराशी तिरकी, छाती पुढे. खाली ठळक अक्षरांत ओळ छापली होती: छत्तीस वर्षं, एकही अपघात नाही.

मुकादमांनी ती ओळ वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. त्यांचा डावा हात पानाच्या कडेवर होता. त्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही दुसऱ्या पेरापाशीच संपतात. ती ओळ आणि तो हात असे शेजारी शेजारी होते, की आंधळ्यालाही कळावं. पण खोलीतल्या दोघांना तो हात रोजचाच होता.

“कसा दिसतोय बघा,” मुकादमांची बायको भावाच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. “या वयातही नवरदेवच जणू.”

“ताई, पुरे आता,” मेहुणा म्हणाला, पण पुस्तक काही मिटलं नाही.

“छान आहे,” मुकादम म्हणाले.

मुकादम वर्षातून एखाद्या वेळीच ‘छान’ म्हणतात, आणि त्यानंतर घरातलं काहीतरी फुटतं. त्या दिवशी फुटलं नाही. ते उठले, टरफलं गोळा करून केरात टाकली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसले. राग गिळायची त्यांना सवय होती. पस्तीस वर्षं तो एकच घास ते चघळत होते. फक्त आजवर कुणी तो छापून, वर फोटो लावून पुढ्यात आणून ठेवला नव्हता.

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे. ते मालगाड्यांच्या यार्डात चौतीस वर्षं होते, आणि शेवटची काही वर्षं तिथल्या टोळीचे मुकादम. तेच नाव चिकटलं ते चिकटलं. स्टेशनातून सुटताना मालगाडी कशी आखीवरेखीव दिसते, पण ती तशी जन्माला येत नाही. कुठले डबे कुठे जायचे ते वेगळे काढावे लागतात, पुन्हा जोडावे लागतात. इंजिन मागून ढकलतं, डबे एकमेकांना टेकतात. मग एक माणूस दोन डब्यांच्या मधे शिरतो, मणभर जड साखळी उचलून समोरच्या हुकात अडकवतो, बाहेर येतो आणि झेंडी दाखवतो. झेंडी दिसली की इंजिन हलतं. तो माणूस मधे असताना इंजिन हलत नाही. यार्डातल्या सगळ्या बायकांचे संसार या एका वाक्यावर उभे असतात.

पस्तीस वर्षांपूर्वी एका दुपारी ते वाक्य मोडलं. मुकादम तेव्हा तिशीचे, लग्नाला दोन वर्षं झालेली. मेहुणा नुकताच ड्रायव्हर झाला होता, आणि नव्या ड्रायव्हरला आधी यार्डातलंच इंजिन देतात. तीन नंबरच्या लाइनीवर दहा डबे ढकलत आणायचे होते. मुकादम मधे शिरले, साखळी उचलली, आणि डबे हलले. दोन बोटं तिथेच राहिली.

दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा खाटेपाशी सासरे उभे होते, हात जोडून, आणि दाराशी बायको. पोराची नोकरी जाईल, म्हणाले. आई नसलेलं पोर आहे, तुमच्या बायकोने कडेवर वाढवलंय त्याला. कागद तयारच होता. त्यावर लिहिलं होतं, की साखळी जोडताना माझंच लक्ष नव्हतं. उजवा हात शाबूत होता, त्याने मुकादमांनी सही केली.

त्या सहीपायी बढती नऊ वर्षं अडली. मेहुणा पुढच्याच वर्षी मोठ्या लाइनीवर गेला. बहिणीला त्याने एवढंच सांगितलं, की मला दिसलंच नाही गं ताई, मधे दिव्यांची खोली होती, वळणावरची, सिग्नलचे कंदील ठेवायची. ती भाबडी. देवापुढे दिवा लावताना नवऱ्याच्या हातासाठी हात जोडायची, भावासाठीही जोडायची. कुणी बोटांचं विचारलं की म्हणायची, “माझा भाऊ इंजिनावर होता, पण त्याला बिचाऱ्याला दिसलंच नाही.”

मुकादमांनी कधी वाद घातला नाही. एकदा सही केल्यावर सबबी सांगायच्या नाहीत, असा त्यांचा खाक्या. पण ‘बिचारा’ हा शब्द कानावर पडला की त्यांचं जेवण तिथेच संपायचं. आयुष्याकडून त्यांना आता फारसं काही नको होतं. तो एक शब्द तिने एकदा तरी योग्य माणसाला लावावा, एवढंच हवं होतं.

त्यात पुस्तकाच्या समारंभात मेहुण्याने छोट्या गाड्यांचं प्रदर्शन पाहिलं आणि त्याला वेड लागलं. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, हात शिवशिवत होते. त्याच्या घरात नातवंडांचा गोंधळ, जागा नाही. मुकादमांची मागची खोली मात्र मुलगी सासरी गेल्यापासून रिकामी होती. अकरा फूट लांब, नऊ फूट रुंद.

“भाऊजी, खोली तुमची, गाड्या माझ्या,” तो म्हणाला. “असा देखावा करू की लोक बघायला येतील.”

मुकादमांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. “करू,” ते म्हणाले. “पण आपलं यार्ड करू.”

“यार्डात काय आहे हो बघायला? धूळ आणि शिव्या.”

“माझी चौतीस वर्षं आहेत.”

मेहुणा हसला. म्हातारा हट्टाला पेटलाय, दुकानात गेल्यावर विरघळेल, असं त्याला वाटलं असावं.

दुकान एका अरुंद गल्लीत, जिन्याखाली होतं. काचेच्या कपाटात गाड्या ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लहान. दुकानदार सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने तीन डबे काढून काउंटरवर ठेवले. एक हातभर, एक वीतभराहून थोडा कमी, आणि एक काडेपेटीहून जरासा मोठा.

“हा मोठा, एकास पंचेचाळीस,” तो म्हणाला. “म्हणजे खऱ्या डब्याचा पंचेचाळिसावा हिस्सा. हा मधला, एकास सत्त्याऐंशी. जास्त करून लोक हाच नेतात. आणि हा छोटा, एकास एकशे साठ. आता आधी मला सांगा, तुम्हाला गाडी बघायचीय की जागा बघायचीय?”

“म्हणजे?”

“गाडी पळताना बघायची असेल तर लहान घ्या. डोंगर, पूल, लांबच लांब लाइन, सगळं मावतं. एखादी जागा हुबेहूब उभी करायची असेल तर मोठं घ्या आणि थोडंच करा. एका खोलीत दोन्ही होत नाही. दोन्ही करायला जातात ते दोन महिन्यांत सगळं माझ्याकडेच विकायला आणतात.”

“लहान,” मेहुणा म्हणाला. “दोन लाइनी, एक बोगदा, वर एक्सप्रेस.”

“बोगद्याला डोंगर लागतो,” मुकादम म्हणाले. “आपल्या यार्डात डोंगर कुठे होता?”

“नव्हता म्हणून काय झालं? आपल्या घरात आपण आणू.”

“खोटंच करायचं असेल तर पुस्तक आहे की घरात.”

मेहुण्याला ते कळलं नाही, किंवा त्याने कळू दिलं नाही.

मुकादमांनी खिशातून पट्टी काढली. यार्डातली माणसं लाइनीची लांबी फुटात सांगत नाहीत, किती डबे मावतात त्यावर सांगतात. प्रत्येक लाइनीच्या तोंडाशी आकडा रंगवलेली पाटी असते. तीन नंबरवर बेचाळीस होता. चौतीस वर्षं रोज पाहिलेला आकडा, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. त्यांनी मधला डबा मोजला, सोळा सेंटिमीटर. गुणिले बेचाळीस. खोलीच्या दुप्पट भरलं. मग छोटा डबा मोजला, साडेआठ. तोही वीतभर भिंतीबाहेर जात होता.

“झालं,” मेहुणा म्हणाला. “छोट्यातही मावत नाही तुमचं यार्ड. अहो, दहा डब्यांची लाइन करा. कोण मोजायला बसलंय?”

“मी बसलोय.”

“सगळे कापतातच काका,” दुकानदार मधे पडला. “खऱ्या मापाची लाइन कुणाच्याच घरात मावत नाही.”

“यांनी जन्मात काही कापलं नाही,” मेहुणा डोळा मिचकावून दुकानदाराला म्हणाला, “म्हणून तर अडलेत.”

मुकादमांनी डावा हात काउंटरवर ठेवला. दुकानदाराने हात पाहिला आणि उगाच कपाट पुसायला घेतलं. मेहुण्याच्या लक्षात आलं ते उशिरा. परत येताना बसमध्ये दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.

पुढचे तीन दिवस घरात मुकादमांचं तोंड वाकडं होतं. चहा फिका, पंखा जोरात, पेपर उशिरा. चौथ्या दिवशी दाढी करता करता ते थांबले, अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेर आले आणि म्हणाले, “मी गाढव आहे.”

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“पाटी जुन्या डब्यांची होती.”

तिला कळायला थोडा वेळ लागला, पण गोष्ट साधी होती. ती पाटी रंगवली तेव्हा सगळे डबे आखूड, चार चाकांचे होते. नंतर लांब डबे आले. पाटी कुणी बदलली नाही, यार्डात एक लांब डबा दोन धरून मोजायचे. ते इतकं अंगवळणी पडलं, की मोजतोय काय हेच कुणी आठवत नसे. दुकानात होते ते सगळे लांब डबे. मुकादमांनी लांब डबा मोजला आणि आखूड डब्यांचा आकडा लावला. यार्डाबाहेरच्या माणसाने ही चूक केलीच नसती.

आता सगळं निम्म्यावर आलं. मधल्या मापात तीन नंबरची लाइन भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोब्बर बसत होती, पण पुढचं सगळं शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात जात होतं. छोट्या मापात मात्र अख्खं यार्ड मावत होतं. सहाच्या सहा लाइनी, केबिन, आणि सगळ्या लाइनी जिथे एकत्र येतात तो निमुळता भाग, ज्याला यार्डात गळा म्हणत, तोही. काही न कापता.

मेहुण्याला फोन गेला. तो संध्याकाळी धावतच आला, हातात पिशवी. छोट्या मापाचे दोन डबे, एक इंजिन, हातभर रूळ आणि माणसांचं एक पाकीट.

“देवानेच ठरवलं बघा भाऊजी,” तो म्हणाला. “तुमचं यार्ड पण आणि माझी एक्सप्रेस पण. मागच्या कडेने नेऊ.”

मुकादमांनी टेबलावर रूळ मांडले. डबे ठेवले. पाकिटातली माणसं तांदळाच्या दाण्याएवढी होती. बायकोचा भुवयांचा चिमटा मागून घेऊन त्यांनी एक माणूस उचलला, तीनदा पाडला, चौथ्यांदा दोन डब्यांच्या मधे उभा केला. मग मागे सरून पाहिलं. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. डबे दिसत होते. मधे कुणी आहे हे सांगितल्याशिवाय कळत नव्हतं.

तेवढ्यात मेहुण्याने इंजिन बोटाने ढकललं. डबे एकमेकांना टेकले. माणूस कुठेतरी उडाला.

मुकादम टेबलाखाली वाकून शोधायला लागले.

“राहू द्या हो,” मेहुणा म्हणाला. “पाकिटात चोवीस आहेत.”

मुकादम उठले. चेहरा असा झाला होता, की मेहुण्याने हातातलं इंजिन खाली ठेवलं.

“आत्ता कळलं मला तुला छोटं का हवंय ते,” मुकादम म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “यात डबे दिसतात, इंजिन दिसतं, सिग्नलसुद्धा दिसतो. माणूस दिसत नाही.”

“भाऊजी, काहीतरीच काय? खेळणं आहे हे.”

“खेळणं तुझं. मला त्या दुपारचं यार्ड पाहिजे. मी मोठं माप घेणार, पंचेचाळीस. सहा लाइनी नकोत, एक्सप्रेस नको. फक्त गळा, दिव्यांची खोली, वळण आणि तीन नंबरचं तोंड. अकरा फुटांत तेवढं बसतं. दहा डबे, एक इंजिन आणि मधे एक माणूस, दिसेल एवढा.”

मेहुण्याचा चेहरा उतरला. “त्यात बघण्यासारखं काय आहे?”

“तेच बघायचंय.”

“मला दिसलं नव्हतं, हे मी तेव्हाच सांगितलंय. ताईला विचारा.”

“तुझ्या ताईला काय विचारू? ती इंजिनावर होती?”

बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली. “काय चाललंय दोघांचं? पस्तीस वर्षांनी कसलं उकरून काढताय? त्याला बिचाऱ्याला…”

“तो शब्द या घरात पुन्हा काढू नकोस,” मुकादम म्हणाले.

मेहुण्याने डबे आणि इंजिन पिशवीत भरलं. माणसांचं पाकीट टेबलावरच राहिलं. जाताना त्याने दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. त्याचाच बहिणीला जास्त राग आला, आणि तो सगळा नवऱ्यावर निघाला. “धाकटा आहे तो,” ती म्हणाली. “देव बघून घेईल ज्याचं त्याचं. तुम्ही कशाला न्यायाधीश होताय?”

“देवाने तेव्हाच बघितलंय,” मुकादम म्हणाले. “बघायचं राहिलंय ते तुझं.”

त्यानंतर पंधरा दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही, आणि पुढेही हो-नाही एवढंच. ताट वाढायची, पण असं आपटून वाढायची की आमटी टेबलभर व्हायची.

मुकादम कामाला लागले. खरं यार्ड कधीच बंद पडलं होतं. तिथे गुडघाभर गवत होतं, रूळ अर्धेअधिक उपटून नेलेले. दिव्यांची खोली पडली होती, पण पाया शाबूत होता. मुकादम टेप घेऊन गेले आणि पाया चारी बाजूंनी मोजला. वळणावरचे स्लीपर मोजले, खोलीच्या कोपऱ्यापासून रुळापर्यंतचं अंतर मोजलं. फाटकावरचा पहारेकरी ओरडला, “ओ काका, काय मोजताय? जागा घेताय का?”

“माझीच आहे,” मुकादम म्हणाले, आणि मोजत राहिले.

मोठ्या मापाचे रूळ फक्त विकत आणले. बाकी सगळं हाताने. लाकडाचं इंजिन, पुठ्ठ्याचे डबे, पत्र्याचं छप्पर, तारेच्या साखळ्या. जुने आखूड डबे दुकानात मिळतच नव्हते. आठ बोटांनी चिकटवायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पुठ्ठा हातातून निसटला की मागच्या खोलीतून यार्डातल्या शिव्या ऐकू यायच्या, आणि स्वयंपाकघरात बायको भांडी जास्तच जोरात घासायची. गाडी चालणार नव्हती, वीज नव्हती, डोंगर नव्हता. मधला माणूस त्यांनी काडीचा कोरला. अंगठ्याहून लहान, पण उभा, वाकलेला, दोन्ही हात पुढे.

एक गोष्ट सांगायला हवी. दिव्यांची खोली चिकटवायची वेळ आली तेव्हा मुकादमांनी इंजिनाच्या खिडकीपाशी डोळा लावून पाहिलं. त्यांची अशी पक्की खात्री होती, की त्या पोराला आपण दिसत होतो आणि तो खोटं बोलला. पण दिसत नव्हतं. खोलीचा कोपरा नेमका मधे येत होता. खोली एक पेरभर मागे सरकवली असती तर काडीचा माणूस स्वच्छ दिसला असता, आणि कुणी टेप घेऊन तपासायला येणार नव्हतं. मुकादम ती पत्र्याची खोली हातात धरून बराच वेळ बसले.  मग त्यांनी कागदावरचं माप पाहिलं आणि जिथे होती तिथेच ती चिकटवली.

सातव्या आठवड्यात ते बाजारात गेलेले असताना बायको केर काढायला त्या खोलीत शिरली. ते परत आले तेव्हा झाडू दाराशी पडला होता आणि ती टेबलापुढे गुडघ्यांवर बसली होती. गाल टेबलाला टेकवून इंजिनाच्या खिडकीतून पुढे बघत होती. मुकादम दारातच थांबले.

“नाही दिसत,” ती म्हणाली. सात आठवड्यांत धड बोललेलं हे पहिलं वाक्य. “तो खरंच बोलत होता. ही खोली मधे येते.”

“येते.”

“तुम्ही कसे दिसणार त्याला मग?”

“नाहीच दिसणार.”

तिने पुन्हा वाकून पाहिलं. मग तिथूनच, मान न वळवता तिने विचारलं, “अहो, असं दिसत नसलं की ड्रायव्हरने काय करायचं असतं?”

सदतीस वर्षांच्या संसारात तिने हे कधी विचारलं नव्हतं.

“थांबायचं असतं,” मुकादम म्हणाले. “झेंडीवाला दिसेनासा झाला की इंजिन जागच्या जागी उभं करायचं. त्या कोपऱ्यावर एक माणूस उभा असायचा, माझी झेंडी बघून त्याला दाखवायचा. तो त्या दिवशी रजेवर होता. म्हणून थांबायचंच होतं. कुणालाही विचार, पहिल्या दिवशी शिकवतात.”

“पहिल्या दिवशी?”

“पहिल्या दिवशी.”

ती टेबलाला धरून उठली. गुडघे दुखत होते, पण मुकादमांनी पुढे केलेला हात तिने घेतला नाही. बाहेर जाऊन तिने भावाला फोन लावला. “ये,” एवढंच म्हणाली. तो काहीतरी सबब सांगत असावा. “मी सांगतेय, ये,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मेहुणा तासाभराने आला. बहिणीने त्याला चहा विचारला नाही, पाणी दिलं नाही. हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, लहानपणी शाळेत न्यायची तसं. “बस खाली. बघ इथून.”

तो बसला. बराच वेळ डोळा लावून राहिला. मग त्याचा चेहरा खुलला. “बघ ताई. मी म्हणत होतो ना? कुठे दिसतंय?”

“नाही दिसत,” ती म्हणाली.

“भाऊजी, तुम्हीच केलंय हे, माझ्या हाताने नाही. तुमच्याच मापाने.”

“हो.”

“मग झालं तर.”

“दिसत नव्हतं,” बहीण म्हणाली, “तर हलवलीस कशाला?”

मेहुणा उठून उभा राहिला. मग मुकादमांकडे पाहिलं, जणू त्यांनी काही नियम मोडला होता.

“ताई, ते तुला नाही कळायचं. यार्डातलं काम…”

“मला कळतंय तेवढं सांग. कशाला हलवलीस?”

“घाई होती,” तो शेवटी म्हणाला. “पाळी संपत आली होती. वाटलं, झालं असेल जोडून. रोज व्हायचं तेवढ्या वेळात. अंदाज केला.”

“अंदाज.”

“पंचवीस वर्षांचा होतो गं मी.”

“आणि हे तिशीचे होते,” ती म्हणाली. “बाबांनी जोडलेल्या हातांकडे बघून सही केली यांनी. मी पस्तीस वर्षं गावभर बिचारा कुणाला म्हणत हिंडले?”

मुकादमांना वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. उलट इतकी वर्षं कोंडून घातलेला राग दार उघडं मिळाल्यासारखा बाहेर आला. “आणि पुस्तकात छापलंस,” ते म्हणाले. “गप्प बसला असतास तर मीही मेलो असतो गप्प. एकही अपघात नाही? माझी बोटं कुणी खाल्ली, उंदरांनी?”

“ते मी नाही लिहिलं. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं.”

“मग आता नाही म्हण. लिहून दे साहेबांना.”

“आता? या वयात? लोक काय म्हणतील, भाऊजी? नातवंडं वाचतात ते पुस्तक.”

मुकादम पुढे झाले तसा तो मागे सरला आणि त्याची पाठ टेबलाला लागली. डबे हलले. मुकादम जागीच थांबले. मग चपला घालून घराबाहेर पडले, कारण आणखी क्षणभर तिथे राहिले असते तर त्यांच्या हातून काय झालं असतं, ते त्यांनाच सांगता आलं नसतं. नाक्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. ओळखीच्या इस्त्रीवाल्याने हाक मारली, तीही ऐकू आली नाही.

घरी आले तेव्हा मेहुणा स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसला होता आणि बहीण त्याच्या समोर, हाताची घडी घालून. टेबलावर एक कागद होता. बहिणीचे डोळे लाल होते, पण ती जागेवरून हलली नव्हती. तिने तो कागद न बोलता मुकादमांपुढे सरकवला.

मुकादमांनी चष्मा लावला. अक्षर वाकडंतिकडं, पण वाचता येत होतं. अमुक साली यार्डात जो अपघात झाला, त्यात साखळी जोडणाऱ्या माणसाचा दोष नव्हता. मी इंजिनावर होतो. मला झेंडी दिसत नसताना मी इंजिन हलवलं, ही माझी थोडी चूक झाली. पुस्तकात दुरुस्ती करावी. खाली सही.

मुकादमांनी दोनदा वाचलं. मग टेबलावरचं पेन उचललं, ‘थोडी’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि कागद परत मेहुण्यापुढे ढकलला.

“नव्या कागदावर लिही,” ते म्हणाले. “खाडाखोड नको.”

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. ती उठली, कपाटातून दुसरा कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.